भिवाच्या नडगीवरची पट्टी

मी पट्टी बोलतेय. जखमेला गुंडाळतात ती कापडाची नव्हे, आणि मास्तर तळहातावर मारतात ती लाकडाचीही नव्हे. मी पोलादाची. मोडलेलं हाड जागच्या जागी धरून ठेवायला मला माणसाच्या अंगात घालतात, हाडावर स्क्रूने आवळतात आणि वरून मांस-कातडी शिवून टाकतात. माझ्या अंगाला सहा भोकं आहेत. त्यातल्या पाचांनी कधी कुणाला त्रास दिला नाही. मला सांगायचंय ते तिसऱ्या भोकाचं.

माझं माहेर विलायतेतलं, धुराड्यांच्या एका गावातलं. तिथे भट्टीत लोखंडाबरोबर आणखी दोन-तीन धातू मिसळून मला घडवलं, म्हणून मला गंज चढत नाही. या गोष्टीचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू. कापसात गुंडाळलेली, पेटीत निजलेली, बोटीने मुंबईच्या बंदराला लागले आणि तिथून परळच्या एका मोठ्या इस्पितळात आले. आता मराठी कुठे शिकलीस, असं विचाराल. भिवाच्या पायात. माणूस बोलतो ते सगळं त्याच्या हाडांतून खालपर्यंत उतरतं, आणि मी तर हाडालाच चिकटलेली. तेव्हा माझी बोली नायगावच्या चाळीतली आहे. गोड मानून घ्या.

भिवा हा गिरणीतला माणूस, रिंग खात्यातला. तिथे सूत कातायच्या लांबच लांब यंत्रांवर शेकडो चात्या गरगरत असतात. चाती म्हणजे बोटासारखी उभी पोलादी सळई. तिच्यावर कांडी बसते आणि कांडीवर सूत गुंडाळत जातं. तुटलेला धागा सांधत भिवा दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा. बसायची सोयच नाही. रिंग खात्यात माणसाचे हात जितके लागतात त्याच्या दुप्पट पाय लागतात, असं तो म्हणायचा. पाय गेला की खातं गेलं. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचं सगळं कळेल.

छप्पन्न सालचा जानेवारी महिना होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही अशी बातमी आली आणि गिरणगाव रस्त्यावर उतरलं. लालबागला अश्रुधूर सुटला, माणसं वाट फुटेल तिकडे धावली. डोळे चोळत धावणारा भिवा ट्रामच्या रुळाला अडखळून पडला आणि मागून कुणीतरी ढकलत आणलेली मालाची हातगाडी त्याच्या उजव्या पायावरून गेली. नडगीचे दोन तुकडे झाले. त्याला फळीवर घालून इस्पितळात आणला तेव्हा तो राधाबाईला, आपल्या बायकोला, म्हणत होता, "रडू नगं. हाड हाय, जुळतंय."

डॉक्टर रघुवीर कर्णिकांनी एक्स-रे काढून बघितला. हाड आडवं-तिडवं मोडलं होतं, नुसत्या प्लास्टरने सरळ बसणारं नव्हतं. म्हणून मला पेटीतून काढलं. पण पेटीत स्क्रू निघाले पाच. सहावा आधीच्या कुठल्यातरी रोग्याच्या कामी लागला होता आणि विलायतेहून नवा माल कधी येईल याचा पत्ता नव्हता.

भिवाचा दोस्त बुधाजी तेव्हा खाटेशी उभा होता. हा गिरणीच्या वर्कशॉपमधला टर्नर, लेथवरचा कारागीर. राहायला लालबागला, मूळ मालवणाकडचा. या दोघांची दोस्ती सगळ्या गिरणीला ठाऊक. गिरणीत पाण्याचे माठ दोन होते, एक सगळ्यांचा आणि एक भिवाच्या लोकांचा. बुधाजी भिवाच्या माठातलं पाणी प्यायचा. तेवढ्यावरून त्याच्या घरात आई त्याच्याशी वर्षभर बोलली नव्हती. त्याने काही पाणी प्यायचं सोडलं नाही.

"साहेब, एका स्क्रूपायी अडलां हा काय?" बुधाजी म्हणाला. "नमुनो द्या. मी करून आणतंय."

डॉक्टर जरा थबकले. पाच स्क्रूंवरही भागलं असतं, पण तिसरं भोक मोडाच्या अगदी काठावर येत होतं, ते रिकामं ठेवायला त्यांचं मन घेईना. शेवटी त्यांनी एक स्क्रू नमुन्याला दिला आणि म्हणाले, "अगदी असाच हवा. आणि स्टेनलेसचा कर हं. ती नवी भांडी निघालीत ना बाजारात, त्यांचं असतं ते."

बुधाजीने मान डोलावली. डॉक्टरांना वाटलं, समजलं याला. मलाही तसंच वाटलं.

पण बुधाजीच्या मनात काय चाललं होतं ते मला पुढे कळलं, भिवाला तो स्वतःच हसत हसत सांगत होता तेव्हा. तो वर्कशॉपमध्ये गेला आणि विचार करत बसला. भांड्याचं लोखंड! ज्याच्या वाट्या करतात, ज्यात आमटी वाढतात, ते भिवाच्या हाडात घालायचं? "माका काय याड लागलां?" तो म्हणाला. गिरणीतल्या माणसाला एकच पोलाद सगळ्यांत श्रेष्ठ, ते म्हणजे चातीचं. चाती वर्षानुवर्षं अखंड फिरते, तरी वाकत नाही, झिजत नाही, तिच्यावर कधी गंजाचा ठिपका दिसत नाही. बुधाजीने एक जुनी चाती मागून घेतली. लेथवर धरून तिचा स्क्रू कातला, आटे इतके देखणे पाडले की माझ्या विलायती स्क्रूंनी बघत राहावं, आणि घासून पुसून असा चकचकीत केला की त्यात तोंड दिसावं.

आता हा माणूस चुकला कुठे? चातीला गंज चढत नाही हे त्याने आयुष्यभर डोळ्यांनी बघितलं होतं. पण चाती दिवसरात्र तेलात बुडालेली असते, हे बघूनही त्याच्या ध्यानात आलं नाही. रोज बघतो त्यातलंच काही दिसत नाही बघा माणसाला. आणि माणसाच्या अंगात तेल कुठलं? अंगात मिठाचं पाणी असतं. शिवडीच्या खाडीत असतं ना, साधारण तसलंच.

डॉक्टरांनी स्क्रू हातात घेतला, उजेडाकडे धरला. "वा, कारागीर आहेस," म्हणाले. चमक बघून त्यांनी तो स्टेनलेसचाच धरला. उकळत्या पाण्यातून काढून तो माझ्या तिसऱ्या भोकात बसवला, पिळला, आवळला, आणि वरून कातडी शिवली. आत अंधार झाला. मी मात्र त्याचं अंग माझ्या अंगाला लागताक्षणीच ओळखलं. हा आपल्यातला नव्हे.

सांगणार कुणाला? ज्याला तोंडच नाही त्याने ओरडायचं कसं?

सुरुवातीचे दिवस मात्र सुखाचे गेले, खोटं कशाला बोलू. हाड माझ्या आधाराने जुळायला लागलं. दोन्ही बाजूंनी मऊ मऊ नवं हाड धरत होतं, आणि ते धरतंय हे मला सगळ्यांच्या आधी कळत होतं. भिवा आधी काठी घेऊन चालला, मग चाळीच्या गॅलरीत काठीशिवाय. राधाबाई वाइंडिंग खात्यात कामाला जायची. परत आली की आधी त्याच्या पायाकडे बघायची, मग चूल पेटवायची. बुधाजी रविवारी यायचा. आला की भिवाच्या नडगीवर टिचकी मारून विचारायचा, "काय म्हणता माझो स्क्रू?"

"तुझा स्क्रू म्हणतोय च्या पाज," भिवा म्हणायचा.

"वयनी, ऐकलास? ह्येचो पाय पण आता माझ्याच नावान च्या मागता."

राधाबाई चहा टाकायची. दोघे एकाच बशीतून फुर्रकन प्यायचे. भिवा येणाऱ्या-जाणाऱ्याला पाय दाखवायचा. "आत विलायती पट्टी हाय," सांगायचा, "पर तिला धरून ठेवलीय बुधाजीच्या स्क्रूनं." मला राग यायचा. बाकीचे पाच काय झोपा काढत होते? पण दोस्तीपुढे आमच्यासारख्यांचं कोण ऐकतो.

आणि त्याच वेळी आत काय चाललं होतं ते ऐका. दोन वेगळ्या धातूंना मिठाच्या पाण्यात अंगाला अंग लावून ठेवलं, तर त्यातला एक दुसऱ्याच्या संगतीने झिजतो. माणसांचं तसं नसतं. भिवा आणि बुधाजी इतकी वर्षं एका बशीत प्यायले, कुणी कुणाला गंजवलं नाही. पण धातूंचा हा स्वभाव आहे. मी ठणठणीत राहिले आणि तो बिचारा स्क्रू माझ्या शेजारामुळे एकट्याने गंजला असता त्याच्याहून लवकर गंजायला लागला. त्याचा तांबूस गाळ आजूबाजूच्या मांसात उतरायला लागला. मला जरा बाजूला सरकता आलं असतं तरी त्याचा जीव थोडा लांबला असता. पण मला तर सरकायचंच नाही, त्यासाठीच घडवलेली. मी जितकं माझं काम चोख करत होते तितकं ते पोर मरत होतं. यापरता नाइलाज कुठला असतो, तुम्हीच सांगा.

डिसेंबर उजाडला. एके सकाळी चाळीत चूल पेटली नाही. बाबासाहेब गेले, अशी बातमी आली होती. राधाबाई भिंतीला डोकं टेकून बसली होती आणि भिवा उंबऱ्याशी उभा होता. दुसऱ्या दिवशी तो अंत्ययात्रेला निघाला तेव्हा तिने अडवलं.

"अवो, डाक्टरांनी लांब चालायचं नाय सांगितलंय."

"आज नाय चाललो तर ह्यो पाय कशाला हाय?" भिवा म्हणाला.

पोयबावडीपासून दादरच्या समुद्रापर्यंत तो चालला. किती माणसं होती ते मी काय सांगणार, मला पावलंच ऐकू येत होती. एवढी पावलं आणि एवढं गप्प चालणं मी पुन्हा ऐकलं नाही. माझ्यावर सगळा भार पडत होता. मी दात खाऊन धरून राहिले. विलायतेत घडवताना मला कुणी सांगितलं नव्हतं की असल्या दिवशी कामाला यावं लागेल, पण त्या दिवशी मी कामाला आले, याचा मला अजून अभिमान आहे. काही दिवसांनी त्याने आणि राधाबाईने धम्मदीक्षा घेतली. घरातले देव विसर्जनासाठी त्याने स्वतः उचलले, आणि उचलताना उजव्या पायावर जोर दिला. पाय साथ देत होता.

पुढचा पावसाळा आला आणि नडगी ठणकायला लागली. आधी गार वाटायची, मग रात्री जळायची. वरची कातडी निळसर झाली. चाळीतल्या बायाबापड्या म्हणाल्या, गारठा धरलाय. कुणी एरंडाचं पान बांधायला सांगितलं, कुणी हळद. राधाबाईने सगळं केलं. शेजारचा अप्पा, भिवाचा चुलता लागायचा, तो म्हणाला, "चालला नव्हतास का त्या दिवशी एवढा? त्याचंच हाय हे. डाक्टर नको म्हणला होता."

हे भिवाच्या मनात बसलं. इस्पितळात जायचं नावच काढीना. गेलं तर डॉक्टर विचारणार, चाललास का? आणि हो म्हटलं तर ते म्हणणार, बघ, म्हणून झालं. त्या चालण्याला कुणी बोट लावलेलं त्याला चालणार नव्हतं. "त्या चालण्यानं गेला आसंल पाय, तर जाऊ दे," तो राधाबाईला म्हणाला, "त्याच्या बदल्यात जाऊ दे."

अरे बाबा, चालण्याने नाही. चालण्याने काही झालेलं नाही. मी आत बसून हेच घोकत होते. तुझं ते चालणं मी या अंगावर पेललंय, हाडाला चराही गेला नव्हता. पण माझं ऐकतो कोण.

बुधाजी आला, त्यानेही नडगी दाबून बघितली. भिवा कळवळला.

"स्क्रू ढिलो झालो काय रे?" बुधाजीच्या कपाळावर आठी.

"तुझा स्क्रू कसा ढिला हुईल?"

"तां खरां. चातीचां पोलाद ता," बुधाजी म्हणाला आणि त्याला बरं वाटलं. भिवालाही बरं वाटलं. असे ते दोघे एकमेकांची समजूत घालत राहिले आणि दिवाळी आली. एके दिवशी गिरणीत, चात्यांच्या रांगेत चालता चालताच, पायातून तांबूस पाणी वाहायला लागलं. त्याने धोतराने पुसलं. पुन्हा आलं. संध्याकाळी घरी येताना चाळीच्या जिन्यावर पाय मुडपला आणि हाड पुन्हा मोडलं, मोडलं तेही तिसऱ्या भोकाशीच.

डॉक्टर कर्णिकांनी पाय उघडला तेव्हा मला पावणेदोन वर्षांनी उजेड दिसला. आजूबाजूचं मांस काळं पडलेलं, हाड कुजलेलं, पू झालेला. पाच स्क्रू लख्ख होते. तिसऱ्याचं डोकं चिमट्यात धरताच हातात आलं, खाली नुसता गंजाचा खिळा. डॉक्टरांचा हात थांबला. नर्सने विचारलं, "काय झालं, सर?" त्यांनी तो तुकडा उजेडाकडे धरला.

मला आणि त्या स्क्रूच्या तुकड्यांना त्यांनी आपल्या टेबलावर नेलं. पुढे बरेच दिवस मी तिथे होते. त्यांनी खिडकीत काचेच्या बाटल्या मांडल्या, मिठाच्या पाण्याच्या. एकीत चातीच्या पोलादाचा तुकडा एकटा, एकीत तो आणि स्टेनलेस एकत्र बांधलेले, एकीत पितळ, एकीत नुसतं स्टेनलेस. रोज सकाळी वॉर्डात जाण्याआधी बघायचे, पाणी कुठे तांबडं झालंय, कुठे नाही. शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवायचे. "शरीरात काय चालतं आणि काय नाही, हे आपल्याकडे आपणच शोधलं पाहिजे," म्हणायचे, "नाहीतर आपण असेच नमुने देत राहू." मुलं मान डोलवायची. बुधाजीनेही अशीच डोलावली होती, ते आठवून मला कसंतरी व्हायचं.

भिवाचा पाय वाचवायला त्यांनी काय काय केलं. धुतला, खरवडला, पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. पण विष वर चढायला लागलं. एके दुपारी ते त्याच्या खाटेशी खुर्ची ओढून बसले. मी त्यांच्या कोटाच्या खिशात होते, दाखवायला आणलेली.

"गुडघ्याखालून काढावा लागेल," ते म्हणाले.

भिवाने पायाकडे बघितलं. "चाललो म्हणून?" त्याने विचारलं.

"नाही. चालण्याचा काही संबंध नाही." डॉक्टरांनी मला खिशातून काढून पांघरुणावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. तिसऱ्या भोकाभोवती गंजाने उठवलेला तपकिरी डाग दाखवला. "चूक माझी आहे, भिवा. मी त्याला धड समजावलं नाही, आणि चमक बघून न तपासता लावला. तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा."

तोवर ते त्याला 'तू' म्हणायचे. त्या दिवशी 'तुम्ही' म्हणाले.

भिवाने मला उचलून तो डाग बघितला. पाय जाणार, खातं जाणार, हे त्याला कळत होतं. आणि त्याचबरोबर, चालणं निर्दोष होतं, हेही कळलं होतं. तो डोळे पुसून म्हणाला, "साहेब, ह्ये बुधाजीला कळू द्यायचं नाय."

"पण मी त्याला सांगायला हवं. पुन्हा कुणासाठी केलं तर?"

"पुन्हा कुणाचं करायला तुमी देऊ नका म्हंजे झालं. त्याला कळलं ना, तर तो लेथवर परत हात ठेवायचा नाय. माजा पाय जातोय तेवढा पुरे. त्याचे हात कशाला?"

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. तिथूनच "बरं" म्हणाले.

पाय गेला. बुधाजी भेटायला आला आणि खाटेच्या पायथ्याशी पांघरूण सपाट बघून तिथेच खाली बसला. भिवाच उलट त्याची समजूत काढत होता.

"पट्टीच खोटी निघाली रे. विलायती माल. तुझा स्क्रू तेवढा शेवटपर्यंत टिकला, डाक्टरच म्हणले."

म्हणजे बघा. खोटी निघाले मी! बुधाजीने मला काय काय शिव्या घातल्या त्या सांगत नाही, मालवणी माणूस शिव्या देतो तेव्हा जरा लांबच उभं राहावं. मी राधाबाईच्या पिशवीत होते; डॉक्टरांकडून भिवाने मला मागून घेतलं होतं. सगळं ऐकून घेतलं. पहिल्यांदा फार लागलं. मग वाटलं, ऐकावं. अंगात असताना त्या स्क्रूसाठी मला काही करता आलं नाही. निदान एवढं ओझं तरी घेता येतंय.

भिवा कुबडीवर आला. नायगावच्या नाक्यावर तो वर्तमानपत्रं विकायला बसू लागला. संयुक्त महाराष्ट्राच्या बातम्या तो ओरडून सांगायचा, आणि लोक बातमीपेक्षा त्याच्या आवाजासाठी थांबायचे. पण कधीकधी गिरणीचा भोंगा झाला की बसल्या जागी त्याचा डावा पाय हलायचा. मी घरी डब्यात असायचे, राधाबाई अप्पाला सांगायची तेव्हा ऐकायचे.

साठ सालच्या एप्रिलमध्ये ठरलं, महाराष्ट्र होणार, मुंबईसकट. चाळीत पेढे वाटले. भिवाने सांगून टाकलं, एक मेला शिवाजी पार्कला जायचं, आणि चालत जायचं. अन् नेमकी त्याच आठवड्यात कुबडी मधोमध चिरली.

बुधाजी रविवारी आला, कुबडी हातात फिरवून बघितली. "ह्येका पट्टी मारूक होयी," म्हणाला. मग एकदम आठवून, "वयनी, ती मेली विलायती पट्टी खंय आसा? पायाक नाय लागली, काठीक तरी लागांदे."

राधाबाईने भिवाकडे बघितलं. तिला सगळं ठाऊक होतं. भिवा काही बोलायच्या आत बुधाजीनेच फळीवरचा डबा काढला आणि मला हातात घेतलं.

त्याने मला पहिल्यांदाच नीट बघितलं. टर्नरचा हात तो, धातू हातात आला की आपोआप अंगठा फिरतो. अंगठा एकेका भोकावरून गेला. पहिलं, दुसरं. तिसऱ्यापाशी थांबला. तिथला तपकिरी डाग त्याने नखाने खरवडला. तो जाईना. बाकी सगळी मी लख्ख होते, आणि कुठल्या भोकात आपला स्क्रू बसला हे त्याला डॉक्टरांनी त्या वेळी दाखवलेलं होतं.

भिवा घाईने म्हणाला, "तो डाग औषधाचा हाय. डाक्टरनं कसलं औषध टाकलं होतं."

बुधाजी मान वर न करता म्हणाला, "असतला."

त्याने मला खिशात टाकलं, कुबडी काखेत मारली आणि चहा न पिता निघाला. राधाबाई चूल फुंकायची थांबली. भिवा दाराकडे बघत राहिला. त्याला कसली भीती वाटली असेल ते मला कळत होतं. आणि बुधाजीच्या खिशात मी होते, त्याचा अंगठा परत परत तिसऱ्या भोकावर येत होता. दोघांच्या मध्ये मी, दोघांचं मला ठाऊक, आणि तोंड नाही. डॉक्टरांच्या टेबलावर होते तेव्हाही मला इतकं असहाय वाटलं नव्हतं.

मला वाटलं, आता हा लेथ सोडणार. भिवाने पाय गमावूनही जे राखलं होतं तेही जाणार. दोन-तीन दिवस तो वर्कशॉपमध्ये नुसता उभा होता. लोक बोलले तर हूं म्हणायचा. मग एक सकाळी घरून काहीतरी फडक्यात गुंडाळून घेऊन आला, लेथ सुरू केला आणि कामाला लागला. तिसऱ्या भोकावर घुटमळणारा तो हात पुन्हा लेथच्या मुठीवर आला.

एक मेच्या सकाळी तो नायगावला आला. कुबडी सांधलेली होती. चिरेवर मी बसलेले, सहाही भोकांत नवे स्क्रू, आटे तसेच देखणे. भिवाने कुबडी काखेत घेऊन जोर देऊन बघितला. गच्च होती.

"झकास," भिवा म्हणाला. "चातीचं पोलाद काय?"

बुधाजी चपला काढत होता. त्याने वर बघितलं नाही.

"नाय. ह्या खेपेक भांड्याचां घेतलंय. घरातल्या झाऱ्याचो दांडो कापलंय. बायको बोंबलता हा."

राधाबाईच्या हातात कप होता, तो तसाच राहिला. भिवाने बुधाजीकडे बघितलं आणि बुधाजीने, फार वेळाने, भिवाकडे बघितलं.

"बरं केलंस," भिवा म्हणाला. मग राधाबाईकडे वळून, "च्या टाक गं. ह्यो त्या दिवशी तसाच गेला होता."

चहा झाला. एका बशीत. मग दोघे निघाले. रस्ते गच्च भरले होते, घराघरावर गुढ्या, तोरणं, लेझीम. गर्दीत भिवाला धक्का लागू नये म्हणून बुधाजीने कुबडीला हात लावून धरला होता. त्याचा तळवा माझ्यावर होता, तिसऱ्या भोकावर. शिवाजी पार्क येईपर्यंत त्याने तो काढला नाही.

अजून मी तिथेच आहे. कुबडी जुनी झाली, मी आणि माझे सहा स्क्रू मात्र एकाच जातकुळीचे, खाऱ्या घामातही लख्ख आहोत. ते दोघे त्या गोष्टीबद्दल आजवर एक अक्षर बोललेले नाहीत. नायगावच्या नाक्यावर कधी पेपर घ्यायला थांबलात तर कुबडीवरची पट्टी म्हणून मला जरूर बघा. पण तिसऱ्या भोकाचा डाग कसला, असं भिवाला विचारू नका. विचारलंत तर तो औषधाचा म्हणेल. तुम्ही "असेल" म्हणा आणि पेपर घेऊन पुढे जा.